पोकरसाठी प्लास्टिकचे पत्ते: हाताला कोणते बरे लागतात?

चौकट_राजा (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि आमच्या ठाण्याच्या कंपूतले मोबाइलवर पोकर खेळणारे सगळे परत एका टेबलाभोवती जमायला लागले. पैसे अजिबात नाहीत. सगळ्यांना सारख्या चिप्स द्यायच्या आणि ज्याच्या संपतील त्याने पुढचे डाव वाटायला बसायचं. खेळ तोच, पण पडद्यावर कधीच न पडलेला प्रश्न लगेच समोर आला: पत्ते कुठले घ्यायचे?

साधा कागदी कॅट टेक्सास होल्डेमला (पोकरचा आम्ही खेळतो तो प्रकार) का पुरत नाही ते आधी सांगतो. रमीत किंवा मेंढीकोटात पानं हातात धरलेली असतात. होल्डेममध्ये तुमची दोन पानं टेबलावर पालथीच राहतात. एका तळव्याचा आडोसा धरायचा आणि अंगठ्याने फक्त कोपरा वर करून बघायचं. म्हणजे प्रत्येक डावात पानाचा कोपरा त्याच पद्धतीने, त्याच दिशेला वाकतो. त्यात एक्का आला की माणूस खात्री करायला परत एकदा कोपरा उचलतो. दुर्री आणि सत्ती आली तर दुसऱ्यांदा कोणी बघत नाही. काही बैठका झाल्या की एक्क्यांचे कोपरे इतर पानांपेक्षा जास्त उचललेले दिसायला लागतात. कोणीही लबाडी केलेली नसताना कॅट खुणेचा होतो. एकदा हे टेबलावरच्या एकाच्या जरी लक्षात आलं तरी त्या कॅटने खेळण्यात अर्थ उरत नाही.

म्हणून माझ्या मते पोकरच्या पत्त्याची खरी परीक्षा एकच. कोपरा वाकवून सोडला की पान पूर्ण सपाट होतं की नाही? गुळगुळीतपणा, छपाई, पेटी हे सगळं त्याच्या मागून.

मित्रांचे, नातेवाइकांनी बाहेरून आणलेले आणि इथे विकत घेतलेले असे बरेच संच हाताळून झाले आहेत. त्यावरून माझं मत असं.

केमचे पत्ते मला सगळ्यांत आवडतात. हे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असतात. बाकीचे बहुतेक सगळे पीव्हीसीचे. पान उचललं की हाताला आधी काय जाणवत असेल तर ते त्याचं कडकपण. वाकवताना थोडा विरोध करतं आणि सोडलं की टच्कन सरळ होतं. पृष्ठभाग पूर्ण गुळगुळीत नाही, बारीक पोत आहे, त्यामुळे बोटांना धरायला काहीतरी मिळतं. रिफल करताना, म्हणजे कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत सोडताना, दोन्ही बाजूंची पानं एकामागोमाग एक सुटताना कळतात.

कोपागचा १५४६ हा संच त्याहून लवचीक. नवा असताना फार सुळसुळीत. पहिल्या संध्याकाळी कॅटचा मधलाच भाग बाहेर सरकतो, वाटणाऱ्याची तारांबळ उडते. पण हा नवेपणा जातो. बऱ्यापैकी वापर झाला की सरकणंही राहतं आणि पकडही येते, आणि तेव्हा तो ज्यांची बोटं फार ताकदीची नाहीत त्यांना केमपेक्षा जास्त मानवतो.

मोडियानो जाड आणि वजनदार. पूर्ण कॅट हातात घेतला की उंचीच जास्त वाटते. लहान हाताच्या माणसाला रिफल अवघड जातं. पण पान टेबलावर टाकलं की जागच्या जागी बसतं, उडत नाही. फुर्निएचं प्लास्टिक या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि त्याची छपाई मला सर्वांत स्वच्छ वाटते.

एक गंमतीची गोष्ट. केम अमेरिकेचं, १९३०च्या दशकापासूनचं. कोपाग ब्राझीलचं, १९०८ पासूनचं. फुर्निए स्पेनमधल्या व्हिटोरियाचं. लोक यांच्यात ब्रँडची भांडणं लावतात. पण केम २००४ मध्ये युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनीकडे गेलं, फुर्निए आधीपासून त्याच कंपनीकडे होतं, आणि २०१९ मध्ये ती कंपनीच बेल्जियमच्या कार्टामुंडीने घेतली. कोपाग तर त्यांच्याकडे त्याआधीच आलेलं. म्हणजे मालक एक. तरी हाताला तिन्ही वेगळे लागतात, कारण पदार्थ वेगळा, कारखाना वेगळा आणि पृष्ठभागाचा पोत वेगळा. म्हणून ब्रँड विचारण्याआधी पदार्थ विचारा.

तुम्ही कोणते वापरता? कसे टिकले? विशेषतः कोकणपट्टीतल्या लोकांकडून ऐकायचंय.

मांडवीकाठ

चौराजी, उत्तम धागा. मी काही वर्षं पणजीत पोकरच्या टेबलावर डीलर होतो. कुठे ते महत्त्वाचं नाही. खेळणारा माणूस रात्रभरात जितकी पानं हाताळतो त्याच्या कितीतरी पट डीलरच्या बोटांखालून जातात, म्हणून वाटणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

नवा संच टेबलावर आला की आधी सगळी पानं सुलटी पसरायची, रंगवार बावन्न आहेत ना बघायचं. मग पालथी पसरून पाठी बघायच्या. त्यानंतर दोन्ही तळव्यांनी टेबलभर गोल गोल फिरवायची, याला वॉश म्हणतात. मग रिफल, रिफल, स्ट्रिप (वरून थोडी थोडी पानं काढून एकावर एक ठेवणं), रिफल आणि शेवटी कट. खाली कट कार्ड, म्हणजे एक कोरं प्लास्टिकचं पान, लावायचं म्हणजे तळाचं पान कोणाला दिसत नाही. हा क्रम हातात इतका मुरतो की पत्ता जरा वेगळा असला तरी वॉश करतानाच कळतं. चांगलं प्लास्टिक वॉशमध्ये एकमेकांवरून पाण्यासारखं जातं. सादळलेला कागद गठ्ठ्याने फिरतो.

पान फेकताना आम्ही ते हवेत उंच टाकत नाही. कापडाला लागून, जरा गिरकी देऊन सोडायचं, ते खेळाडूसमोर जाऊन थांबलं पाहिजे. फार गुळगुळीत पान टेबलाच्या कडेपर्यंत जातं, कधी खाली पडतं. फार जड पान अर्ध्यात थांबतं. म्हणून डीलरला बारीक पोत असलेलं प्लास्टिक प्रिय. पोतामुळे पान आणि कापड यांच्यात हवेला जागा राहते आणि किती लांब जाईल याचा अंदाज हाताला बसतो.

आकाराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पोकर आकार अडीच इंच रुंद, ब्रिज आकार सव्वादोन इंच. उंची दोन्हींची साडेतीन इंच. नावावरून वाटेल की पोकरला पोकर आकारच हवा. पण कार्डरूममध्ये ब्रिज आकार खूप चालतो, कारण अरुंद पान एका हातात नीट बसतं, फेकायला सोपं, आणि ओमाहासारख्या चार पानांच्या खेळात खेळाडूलाही सोयीचं.

आणखी एक. कॅट खेळाला योग्य आहे का हे बघायची आमची पद्धत: कॅट चारही बाजूंनी ठोकून सारखा करा आणि लांब कड दिव्याखाली धरा. ज्या पानाच्या कडेला खाच पडली आहे ते पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. मग कॅट डोळे मिटून कापा. परत परत त्याच जागी कापला जात असेल तर तिथलं पान बाकदार आहे. प्लास्टिकला बाक क्वचित येतो, पण नखाची खाच येते, आणि ती कधीच भरून निघत नाही.

इस्पिक_राणी

वाचून खूप छान वाटलं. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्याकडे पोकर मुलगा आणि त्याचे मित्र खेळतात, पण तेच पत्ते दुपारी माझ्या सासूबाई रमीला घेतात. त्यांची बोटं सांधेदुखीने आखडलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तेरा पानं हातात धरायची असतात. दोघांनाही चालेल असं काही आहे का?

चौकट_राजा

राणीताई, सासूबाईंसाठी ब्रिज आकार घ्या. तेरा पानांच्या पंख्यात रुंदीचा फरक फार जाणवतो. कडक पत्ते टाळा, लवचीक पीव्हीसी बघा. आणि पेटीवर जंबो इंडेक्स लिहिलं आहे ना ते पाहा. कोपऱ्यातला आकडा आणि चिन्ह मोठं असतं. मात्र रमीसाठी एक अडचण लक्षात ठेवा: काही पोकर संचांत आकडा दोनच कोपऱ्यांत असतो, काहींत चारही. डावखुरा माणूस पंखा उलट्या बाजूने उघडतो, त्याला दोन कोपऱ्यांचा संच त्रास देतो. सासूबाई उजव्या हाताने खेळत असतील तर प्रश्न नाही.

नजर कमी असेल तर चार रंगांचा कॅटही मिळतो. इस्पिक काळं, बदाम लाल, चौकट निळं, किलवर हिरवं. पोकरमध्ये फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) ओळखायला याचा खरा उपयोग. वयस्कर माणसांना सुरुवातीला हिरवं किलवर पटत नाही, पण बदाम-चौकटचा घोळ कायमचा मिटतो.

शिकागोकर

इंडेक्सवरून आठवलं. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये २००७ साली नवीन रचनेचे पत्ते आणले होते. कोपरा अगदी थोडा उचलला तरी आकडा दिसावा म्हणून तो कोपऱ्यात तिरका, छोटा छापलेला. कल्पना चांगली, पण खेळाडूंनी पहिल्याच दिवसांत ओरड केली की सहा आणि नऊ ओळखू येत नाहीत. पत्ते बदलावे लागले. तेव्हापासून मी कुठलाही नवा संच घेतला की आधी छक्की आणि नव्वी काढून, फक्त कोपरा उचलून बघतो. नामी परीक्षा आहे, करून पाहा.

आता इकडची अडचण. तुमच्याकडे ओलावा, आमच्याकडे हिवाळ्यात हीटिंग. घरातली हवा इतकी कोरडी होते की प्लास्टिकचे पत्ते घासले की वीज धरतात. रिफल केल्यावर दोन-तीन पानं एकमेकांना चिकटून एकत्र वाटली जातात, आणि पोकरमध्ये एक पान जास्त गेलं की डाव फुकट. नव्या पीव्हीसी संचात हे जास्त होतं. मी ह्युमिडिफायर लावतो आणि पत्ते खेळाआधी किंचित ओल्या, नीट पिळलेल्या सुती फडक्याने पुसतो. फरक पडतो.

तुमच्यापैकी कोणी रसायनशास्त्रवालं असेल तर सांगा, केममध्ये हा त्रास मला कमी का होतो?

डोंबिवलीचा_पॉलिमरवाला

आपला विषय निघाला म्हणून लॉगिन झालो.

शिकागोकर, सेल्युलोज अ‍ॅसिटेट कापसाच्या किंवा लाकडाच्या सेल्युलोजपासून बनतो. चष्म्याच्या चांगल्या फ्रेमही त्याच्याच. तो हवेतला थोडा ओलावा शोषतो. पीव्हीसी जवळजवळ काहीच शोषत नाही. पदार्थात किंचित ओलावा असला की साठलेला विद्युतभार लवकर निघून जातो, म्हणून तुमच्या केमला वीज कमी धरते. पूर्ण कोरड्या हवेत दोघंही धरतील, पण पीव्हीसी जास्त.

कडकपणाचंही तसंच. पीव्हीसीत मिश्रणं घालून त्याचा मऊपणा हवा तसा ठेवता येतो, म्हणून एका पीव्हीसी संचात आणि दुसऱ्यात इतका फरक लागतो. नुसतं पेटीवर "शंभर टक्के प्लास्टिक" वाचून काही कळत नाही. अ‍ॅसिटेटचा कडकपणा वेगळ्या जातीचा आहे, तो तुम्हाला वाकवताना जाणवतो तोच.

काळजी कशी घ्यायची ते ठासून सांगतो. नेलपॉलिश काढायचं द्रव म्हणजे अ‍ॅसिटोन. ते अ‍ॅसिटेटला विरघळवतं. केमवर एक थेंब पडला तरी तिथे कायमचा डाग. पीव्हीसीलाही ते फुगवतं. हात सॅनिटायझरने पुसून ओले असतानाच पत्ते धरू नका, अल्कोहोलने छपाई जाऊ शकते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, त्यात मऊ फडकं बुडवून घट्ट पिळायचं, एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसायचं आणि टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवायचं. उन्हात नाही, हेअर ड्रायरने तर नाहीच. बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेला पीव्हीसी कॅट एप्रिल-मेच्या उन्हात वाकडा होतो आणि मग परत सरळ होत नाही.

अजून एक. अ‍ॅसिटेट फार वर्षं उष्ण, दमट, कोंडलेल्या जागेत राहिला तर त्याचं विघटन होतं आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. जुन्या सिनेमांच्या रिळांना हाच रोग होतो, म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी रिळं थंड, कोरड्या खोल्यांत ठेवतात. पत्ते वापरात असतील तर काळजी नको. पण माळ्यावर डब्यात बंद करून दहा पावसाळे ठेवू नका.

मेंढीकोट

माझा मुद्दा सगळ्यांच्या विरुद्ध. मला कागदी पत्ताच हवा. बायसिकल ब्रँडचा नवा कॅट उघडला की त्या एअर कुशनच्या, म्हणजे बारीक खळग्यांच्या, पृष्ठभागावर पानं जशी सरकतात तशी प्लास्टिकची कधीच सरकत नाहीत. रिफलचा आवाजही मऊ, भरदार. प्लास्टिक खटखट करतं. मोठ्या कॅसिनोत ब्लॅकजॅक वगैरेला कागदच वापरतात ना?

मांडवीकाठ

मेंढीकोट, वापरतात, पण कारण वेगळं. ब्लॅकजॅकच्या बहुतेक टेबलांवर खेळाडू पानांना हातच लावत नाहीत, सगळं डीलर उघडं वाटतो. आणि ते कॅट थोडेच तास चालवून बाद करतात. मधे भोक पाडतात किंवा कोपरा कापतात, म्हणजे ते परत टेबलावर येऊ शकत नाहीत. पोकरमध्ये नऊ-दहा माणसं दर डावाला पानं हाताळणार. तिथे कागद रोज बदलावा लागेल.

नव्या कागदी पानाच्या हाताला मीही मानतो. कसलेला जादूगार कागदच मागेल. पण तो हात पहिल्या काही तासांचा असतो. गोव्यात जुलैमध्ये खिडकी उघडी ठेवून कागदी कॅट टेबलावर राहिला तर सकाळी त्याची उंची वाढलेली असते. कडा फुगतात, मध्यभाग तसाच राहतो. मग पिसताना कॅट मधूनच उघडतो.

वाडीकर

सावंतवाडीचा असल्यामुळे राहवत नाही. हाताला लागणाऱ्या पत्त्याचा विचार आपल्याकडे प्लास्टिकच्या कितीतरी आधी झालेला आहे. आमच्याकडची दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंग, प्रत्येकात बारा, एकूण १२० गोल पानं. कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी देऊन, घोटून, वर लाखेचा थर. लाख लावायचं कारण तेच जे इथे सगळे सांगताहेत: दमट हवेत पान मऊ पडू नये, हाताच्या घामाने रंग जाऊ नये, आणि पान पानावरून सरकावं. १९७०च्या दशकात राजघराण्याने राजवाड्यात ही कला परत उभी केली, आता सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालंय. ती वाकवायची नसतात, कडकच असतात. एकदा राजवाड्यात जाऊन हातात घेऊन बघा, बोटांना एका बाजूने थंड लागतात.

चौकट_राजा

वाडीकर, फार सुंदर माहिती. दिवाळीनंतर तिकडे येणं आहे, नक्की बघणार.

जपानचीही अशीच गोष्ट आहे. निन्टेन्डो १८८९ मध्ये क्योटोत हानाफुडा (फुलांच्या चित्रांचे जपानी) पत्ते बनवायला सुरू झाली, आणि १९५३ मध्ये जपानात मोठ्या प्रमाणावर प्लास्टिकचे पत्ते बनवणारी पहिली कंपनीही तीच. व्हिडिओ गेम फार नंतर.

नवशिका_पुणे

नमस्कार. दोन प्रश्न. एक, ऑनलाइन दुकानांत सोनेरी चकचकीत "वॉटरप्रूफ" पत्ते खूप स्वस्तात दिसतात, तेही प्लास्टिकच. ते चालतील का? दोन, पत्ते चिकटायला लागले तर कॅरमची पावडर लावली तर?

चौकट_राजा

नवशिकाजी, दोन्हींना नाही.

सोनेरी पत्ते भेट द्यायला ठीक. पातळ फिल्मवर फॉइल असतं. एक, ते इतके निसरडे की कॅट हातात धरूनही ठेवता येत नाही. दोन, सोनेरीवर सोनेरी छपाई, दिव्याखाली आकडा चमकतो आणि कोपरा उचलून वाचता येत नाही. तीन, चमकदार पाठीत समोरच्याच्या चिप्ससुद्धा दिसतात. पोकरसाठी निरुपयोगी.

स्वस्त प्लास्टिक घेताना अजून एक तपासा: एक्का मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा, पाठ तुमच्याकडे. आकार आरपार दिसला तर तो संच नको. चांगल्या कॅसिनो कागदात दोन थरांच्या मधे काळा गोंद याचसाठी घालतात.

आणि पेटीवर "प्लास्टिक कोटेड" लिहिलेलं असेल तर तो आतून कागदच. वरचा थर घाम थोपवतो, पण कड उघडीच राहते आणि ओलावा कडेतून शिरतो. दुकानदार बिनदिक्कत "प्लास्टिकचे आहेत" म्हणून देतात. एका दुकानात मला असाच कॅट पुढे केला. पान आडवं धरून कड बघितली तर थर स्पष्ट दिसत होते. प्लास्टिकच्या पानाची कड एकसंध असते.

डोंबिवलीचा_पॉलिमरवाला

कॅरम पावडरबद्दल मी पुरवणी देतो. ती बोरिक पावडर असते. पोताच्या खळग्यांत बसते, घामाने लगदा होतो, आणि पुढच्या पिसण्यात छपाईवर घासते. जादूगार पंखा उघडायला जी पावडर लावतात ती झिंक स्टिअरेट, आणि तीही कागदी पत्त्यांना. शिवाय खेळताना चकली-चिवडा चालू असतो, बोरिक पावडरीचे हात तोंडाला लावू नयेत. पत्ते चिकटत असतील तर ते मळले आहेत. पुसा.

आणि तळलेल्या पदार्थांचा डबा टेबलापासून दूर ठेवा. तेल हा पत्त्यांचा पाण्यापेक्षा मोठा शत्रू. पाणी पुसलं की जातं, तेलाचा हात पुढच्या डावात बावन्न पानांवर पसरतो.

इस्पिक_राणी

टेबलाबद्दल कोणी सांगेल का? आमचं डायनिंग टेबल काचेचं आहे. तिथे मुलांना पानं उचलताच येत नाहीत, नखाने खरवडतात.

चौकट_राजा

राणीताई, हा मुद्दा मी मूळ धाग्यातच घ्यायला हवा होता असं आता वाटतंय, इतका तो मोठा आहे. काच, सनमायका, पॉलिश केलेलं लाकूड, यावर प्लास्टिकचं पान पूर्ण सपाट बसतं, खालची हवा निघून जाते आणि ते उचलायला कडेला बोटच शिरत नाही. मग नख. आणि मांडवीकाठांनी सांगितलेली खाच तिथेच पडते. चांगल्या संचाचं आयुष्य चुकीच्या टेबलाने अर्ध्यावर येतं.

खाली काहीतरी दबणारं हवं. पोकरसाठी निओप्रीनची गुंडाळता येणारी चटई मिळते. त्यावर बोट किंचित रुततं आणि पानाची कड आपोआप वर येते. ती घ्यायची नसेल तर जाड ब्लँकेटवर सुती चादर ताणून, कडा टेबलाखाली खोचून टाका. आमच्याकडे पहिले काही महिने हेच होतं. जमिनीवर बसायचं असेल तर नुसती सतरंजी नको, तिच्या विणीत पानाचा कोपरा अडकतो. वर चादर हवी.

कापड बदललं की पत्ताही बदलल्यासारखा वाटतो. चादरीवर मोडियानोचं जड पान बरं, कारण हलकं पान घडीला अडखळतं. गुळगुळीत स्पीड क्लॉथवर (पोकर टेबलाचं खास कापड) तेच पान जरा मठ्ठ वाटेल आणि केम झकास जाईल. म्हणून कोणी मला "सर्वांत चांगला कॅट कोणता" विचारलं तर मी आधी खाली काय अंथरता ते विचारतो.

शिकागोकर

पूर्ण सहमत. आमच्याकडे एका मित्राच्या घरी खरं कार्डरूमसारखं टेबल आहे, तिथे खेळलो की माझाच संच मला नवा वाटतो.

टीव्हीवर खेळाडूंची पानं कशी दिसतात याचं कोणाला कुतूहल असेल तर: पूर्वी टेबलाच्या कडेत छोटा कॅमेरा असायचा, हेन्री ओरेनस्टाइन यांनी १९९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. आता पानातच आरएफआयडी (रेडिओ लहरींनी ओळखता येणारी) चिप असते आणि टेबलाखालचा रीडर ती वाचतो. असे पत्ते मी एकदा हाताळले आहेत. चिपच्या जागी बोट फिरवलं तर अगदी हलकी जाडी जाणवते, पण सगळ्याच पानांत सारखी, त्यामुळे खेळाला बाधा नाही.

मेंढीकोट

चर्चा वाचून एक प्लास्टिकचा संच मागवतोय. कागदावरचं प्रेम तसंच आहे, पण पावसाळ्याचे चार महिने तरी पर्याय दिसत नाही. नव्याचा सुळसुळीतपणा घालवायला काय करायचं?

मांडवीकाठ

दुसरं काही नाही, हाताळायचे. टेबलभर वॉश करा, रिफल करा, टीव्ही बघता बघता पिसत बसा. दोन कॅटांचा संच असेल तर दोन्ही सारखे वापरा. कार्डरूममध्ये एक रंग खेळात असतो तेव्हा दुसरा शफल होत असतो, त्यामुळे दोघांची झीज बरोबर चालते. घरी लोक लाल कॅट संपवतात आणि निळा कोरा ठेवतात, मग निळा काढला की परत सगळ्यांचे हात अडखळतात.

रबर बँड कधीही लावू नका. कडेला कायमची घळ पडते. पेटीत सरळ, आडवे ठेवा.

इस्पिक_राणी

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रिज आकार, जंबो इंडेक्स, लवचीक पीव्हीसी असा संच घेतला, आणि टेबलावर ब्लँकेट-चादर. सासूबाईंनी तेरा पानं स्वतः धरली, मधे एकदाही खाली ठेवली नाहीत. मुलगा म्हणतो पोकरला जरा मऊ वाटतात, पण कोपरे अजून सपाट आहेत. शेवटचं विचारते, एखादं पान हरवलं तर जोकरवर मार्करने लिहून चालवता येईल का? आमच्याकडे लहान नात आहे, पानं सोफ्याखाली जातात.

चौकट_राजा

पोकरला नाही चालणार, राणीताई. पाठ सारखी असली तरी जोकर खेळात नसतो. त्याची झीज झालेली नसते, तो कॅटमध्ये नवा आणि जास्त चकचकीत दिसतो, टेबलावरचा कोणीही दोन डावांत ओळखेल. रमीत घरच्या घरी चालवा. पोकरला त्या रंगाचा कॅट बाजूला ठेवा आणि दुसरा रंग वापरा. बाजूला ठेवलेला पिसायच्या सरावाला मुलांना द्या. आणि खेळ संपला की पेटीत टाकायच्या आधी पानं मोजायची सवय लावा. बावन्न भरली नाहीत तर सोफा तेव्हाच सरकवायचा.